कॅशियर काका, ओटीपी माझा मीच टाकला

आदरणीय कॅशियर काका,
सप्रेम नमस्कार.

माझ्या वडलांचे, दादांचे, बँकेत पडून राहिलेले पैसे तुमच्यामुळं मिळाले, त्याचे आभार मानायला मी घरी आले होते, तेव्हा तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय हळदीच्या भावावर नेलात. पाकीट तर हातही न लावता परत केलंत. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते. इथं तुम्हाला विषय बदलता यायचा नाही.

दादांची लोखंडी पेटी आम्ही तेरा-चौदा वर्षं उघडलीच नव्हती. मायला ती उघडू वाटायची नाही. यंदा पावसाचं पाणी घरात शिरलं म्हणून उघडावी लागली. वसमतच्या मोंढ्यात हळद विकल्याच्या पट्ट्यांचा, म्हणजे पावत्यांचा, गठ्ठा, त्याखाली स्टेट बँक ऑफ हैदराबादचं पासबुक. शेवटची नोंद 2009 ची. दादा 2011 ला गेले. माय म्हणाली, "ती बँकच राहिली नाही, आता पैसे कुठले?"

मी शहाणपणा केला आणि पासबुकाचा फोटो पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला, कुणाला काही माहीत असेल म्हणून. तो फोटो कुठून कुठं गेला कोण जाणे. तिसऱ्या दिवशी फोन आला. बोलणारा शुद्ध मराठीत, अदबीनं बोलत होता. दादांचं नाव, गाव, सगळं त्याला ठाऊक होतं. रिझर्व्ह बँकेतून बोलतोय म्हणाला, 1 लाख 80 हजार पडून आहेत म्हणाला. मायच्या आधार कार्डाचा फोटो मागितला, तो मी पाठवला. मग फाईलचे 2,500 रुपये आणि मोबाईलवर एक ॲप टाका म्हणून लिंक. ते पैसे टाकायलाच मी दुकानाकडं निघाले होते. तुम्ही ओट्यावर बसला होतात आणि सहज विचारलंत, "कुठं निघालीस गं एवढ्या घाईनं?"

काका, तुम्ही मला रागावला असता तर मी तशीच पुढं गेले असते. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "पैसे तुझ्या बापाचे हायत, तर ते द्यायला तो तुलाच कामून पैसे मागतो?" मी तिथंच ओट्यावर बसले.

लिंक उघडू दिली नाहीत. रिझर्व्ह बँक अशी कुणाला घरी फोन करून पैसे देत नसते, हे सांगितलंत. पैसे गेले असते तर पहिला फोन 1930 ला करायचा, वेळ न घालवता, हेही तेव्हाच कळलं. आधारचा फोटो गेलाच होता, म्हणून मायच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्यायला लावलंत, कुणी ठशावर खात्यातून पैसे काढू नयेत म्हणून. त्या रात्री मला झोप लागली ती तुमच्यामुळं.

आणि दुसऱ्या दिवशी शोधायला बसवलंत. मला सगळ्यात जास्त आभार याचे मानायचेत. माझा मोबाईल तुम्ही हातात घेतला नाहीत. मी पुढं केला तर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलात. "पत्ता तू टाईप कर, पासवर्ड तू ठरव, ओटीपी आला की मला वाचून दाखवू नको, तुझा तू टाक." मला आधी वाईट वाटलं, घरच्या माणसापाशी कसला आलाय परकेपणा. आता कळतं. आज तुमच्या हातात फोन दिला असता तर उद्या दुसऱ्या कुणाच्याही दिला असता.

रिझर्व्ह बँकेनं 17 ऑगस्ट 2023 ला उद्गम नावाचं पोर्टल सुरू केलं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. गुगलवर वर येईल त्या लिंकवर बोट ठेवायचं नाही, उद्गम डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन असं स्वतः लिहायचं. 30 बँकांतली बेवारस खाती तिथं एका ठिकाणी शोधता येतात आणि एक रुपया लागत नाही. दहा वर्षं कुणी विचारलं नाही की बँक ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत भरते, पण त्यानं हक्क जात नाही. वारस कधीही मागू शकतो आणि बचत खात्यावर व्याजही मिळतं, 2021 पासून 3 टक्क्यांनी. माय इतकी वर्षं समजत होती की पैसे सरकारजमा झाले.

बँकेचं नाव शोधताना मी हैदराबाद शोधत होते. तुम्ही आठवण दिलीत की ती बँक 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. मग नावाचा घोळ. दादांचं नाव 'ज्ञ'नं सुरू होतं आणि इंग्रजीत हा ज्ञ कुणी डी-एन-वाय लिहितं, कुणी जी-वाय, कुणी जे-एन. नावासोबत पॅन, मतदार कार्ड, परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांतलं काहीतरी लागतं. पॅन दादांनी कधी काढलंच नाही. जन्मतारीख मायला विचारली तर म्हणाली, "आखाडातला जन्म, एवढंच सासूबाई सांगायच्या." तुम्ही म्हणालात, "1 जून टाक. त्या काळी गुरुजींनी अर्ध्या मराठवाड्याला 1 जूनलाच जन्माला घातलंय." तिसऱ्या स्पेलिंगला दादांचं नाव आलं. मायला वाचता येत नाही, तरी ती त्या अक्षरांवर बराच वेळ बोट ठेवून होती.

पोर्टल फक्त खातं दाखवतं, पैसे बँकेतूनच मागावे लागतात. तिथं साहेबांनी विचारलं, पासबुकावर जिल्हा परभणी, मायच्या आधारवर हिंगोली, माणूस एकच कशावरून? प्रश्न रास्त होता. साहेब बाहेरच्या राज्यातले, त्यांना काय माहीत की 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली वेगळा झाला आणि वसमत तिकडं गेलं. तुम्ही शांतपणे सांगितलंत, मतदार यादीतला पत्ता दाखवलात. खात्याला वारसदाराचं (नॉमिनीचं) नाव लावलेलं नव्हतं, म्हणून मृत्यू दाखला, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, तिघा भावंडांचं संमतीपत्र. प्रत्येक कागदाची पोच शिक्क्यासह घ्यायला लावलीत.

दादांचं शेअर सर्टिफिकेट आणि पतसंस्थेची पावती मी अजून जपून ठेवलीय. पतसंस्था उद्गमवर सापडत नाही, तिथं वेगळं विचारावं लागतं, हे तुम्ही सांगितलंत. पोस्टाचं आणि विम्याचंही तसंच. एकेक बघते.

व्याज धरून 41,630 रुपये आले. त्या फोनवाल्याच्या 1 लाख 80 हजारांपुढं कमी वाटतील कुणाला. मायनं स्लिप हातात घेऊन विचारलं, "ही त्यांची शेवटच्या सालची हळद ना?" पैसे तिच्याच नावावर ठेवलेत आणि खाली वारसदार म्हणून आम्हा तिघांची नावं लावलीत.

सोबत डबा पाठवतेय. मायनं स्वतः कुटलेली हळद आहे. ही फी नव्हे काका, परत पाठवू नका.

तुमची,
वसमतची लेक