आई-बाबांना, जेबेल अलीला जायचं ठरलंय त्याबद्दल

प्रिय आई, बाबा,

नमस्कार. फोनवर सांगायला गेले की आईचा आवाज बदलतो आणि मग मीच दुसरं काहीतरी बोलत बसते, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

तिकडच्या कंपनीच्या लायसन्सचे पैसे भरले, मुंबईतली कागदपत्रं झाली. दिवाळी घरातच करून मी दुबईला जाणार, तिथल्या जेबेल अली बंदराजवळच्या फ्री झोनमध्ये, आणि पहिलं वर्ष तरी तिथंच राहावं लागेल. उद्यमबागची शेड बंद होत नाही. बाबा, हे वाक्य परत वाचा. लेथ, ड्रिलिंग, सगळी माणसं आहेत तिथंच राहणार, माल बेळगावातच बनणार, फक्त तयार माल ठेवायचं गोडाउन तिकडे.

काय म्हणून तिकडे, तर केनियातल्या मोंबासाचं ते गिऱ्हाईक आठवा. त्याला कपलिंगचे चार खोके हवे होते. आपण बेळगावहून ट्रकने मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात पाठवले, तिथं दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनर भरायची वाट बघत पडले, तोवर त्याने दुबईत पडलेला चिनी माल उचलला. आपला माल वाईट नव्हता, बाबा, तुम्ही स्वतः व्हर्निअर लावून एकेक नग बघितला होता. आपण लांब होतो एवढंच. आता पूर्ण कंटेनर भरून एकदाच जेबेल अलीला पाठवायचा आणि तिथनं कुणाला चार खोके, कुणाला दहा, असं पाठवत राहायचं. बंदर गोडाउनला लागूनच आहे. फ्री झोन म्हणजे कस्टमच्या हिशेबाने देशाच्या बाहेर धरलेली जागा, त्यामुळे माल तिथं उतरवला, ठेवला, परत पॅक करून केनियाला किंवा टांझानियाला पाठवला तरी यूएईची ड्युटी भरावी लागत नाही. दुबईच्या गावातल्या दुकानदाराला विकला तरच ड्युटी, ती साधारण ५ टक्के, आणि त्यातही २०२२ च्या मे महिन्यापासून भारताचा त्यांच्याशी करार लागू झालाय, म्हणजे माल भारतात बनल्याचं सर्टिफिकेट जोडलं की बऱ्याच वस्तूंवर ती कमी किंवा माफ होते. माल पडून राहिला तरी ड्युटीत पैसा अडकत नाही, आपल्यासारख्या छोट्या लोकांना हेच मोठं आहे, कारण आपला जीव पैसे अडकण्यातच जातो.

आणि बाबा, पार्टनरची भीती घालू नका. वडगावच्या काकांचं काय झालं ते मला पाठ आहे. तेव्हा तिकडे गावात धंदा करायचा तर बहुतेक ठिकाणी ५१ टक्के तिथल्या माणसाच्या नावावर ठेवावे लागायचे. फ्री झोनमध्ये तसं नाही, कंपनी शंभर टक्के आपल्याच नावावर, नफा सगळा घरी आणता येतो. हा झोन १९८५ चा आहे, काल-परवा निघालेली स्कीम नाही. लायसन्स, व्हिसा, गोडाउन सगळं एकाच ऑफिसातनं होतं. टॅक्सचं म्हणाल तर २०२३ पासून तिकडेही कंपन्यांना ९ टक्के टॅक्स आला, पण फ्री झोनमधनं अशा मालाच्या धंद्यावर अटी पाळल्या तर शून्य, त्यासाठी हिशेब ऑडिट करून ठेवायचे, ते मी करीनच. आपल्या शेडने आपल्याच तिकडच्या कंपनीला माल द्यायचा तोही बाजारभावानेच, सीएंनी हे दोनदा बजावलंय. फुकट काही नाही हे मलाही कळतं, लायसन्स आणि भाडं दरवर्षी भरावंच लागतं, ऑर्डर येवो न येवो. म्हणूनच सुरुवातीला पूर्ण गोडाउन न घेता दुसऱ्याच्या गोडाउनमधली थोडी जागा घेतलीय.

तुम्ही म्हणाल हत्तरगीला सेझ, म्हणजे तसाच आपल्याकडचा झोन, आहेच की, अर्ध्या-पाऊण तासावर. मी तोही विचार केला, खरंच. तो विमानाच्या पार्टसाठी झालाय, फोर्जिंगपासून कोटिंगपर्यंत एकाच कुंपणात, बाहेरून येणाऱ्या धातूवर ड्युटी नाही, ज्यांना ते काम आहे त्यांना सोन्यासारखी जागा. पण आपला कच्चा माल इथलाच, आणि अडचण बनवण्याची नाहीच, गिऱ्हाइकाच्या जवळ असण्याची आहे. शिवाय इन्कम टॅक्सची माफी २०२० नंतर येणाऱ्या नव्या युनिटला मिळत नाही. नाहीतर तुम्हाला सोडून इतक्या लांब कशाला गेले असते मी.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. तिकडे आपली सगळी भाजी, पीठ मिळतं, भाकरी मला येते, तुझ्यासारखी पातळ नाही येत पण फुगते. खोली दोन मुलींबरोबर घेतलीय, एक कोल्हापूरची आहे. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, तुमचं नऊला जेवण झालं की माझे साडेसात वाजलेले असतात, रोज तेव्हाच व्हिडिओ कॉल. आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की विमान मिळतं, बोलावलंत की येते.

बाबा, शेडमध्ये मला खोक्यावर बसवून तुम्ही पहिल्यांदा मायक्रोमीटर हातात दिला होता, आणि मी आकडा बरोबर वाचला तेव्हा सगळ्या कामगारांना थांबवून सांगितलंत, बघा माझी पोरगी. ते मला अजून पुरतं. आपल्या शेडचं नाव असलेली खोकी तिकडच्या रॅकवर लागलेली मला बघायचीत. तुम्हालाही दाखवणार, थंडीच्या दिवसांत दोघांना घेऊन जाते.

आता ऐका. बाबा, शुगरची गोळी जेवणाआधीची जेवणाआधीच घ्यायची, आठवण आली तेव्हा नाही. गुडघा दुखत असताना शेडला स्कूटरवरनं जायचं बंद, रिक्षावाल्या काकांशी महिन्याचं बोललेय, पैसे मी देते, त्यांच्याशी घासाघीस करू नका. आई, बीपी मोजून वहीत लिही आणि फोटो पाठव, बरं आहे बरं आहे असं नुसतं म्हणायचं नाही. पाणी येतं त्या दिवशी पिंपं भरायला मावशी येतील, तू बादल्या उचलायच्या नाहीत. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला सांगितलंय, माणूस गुरुवारी येईल, घरी थांबा. शेडचा पगार दादा सात तारखेच्या आत टाकेल, कुणाला ॲडव्हान्स द्यायचा असेल तर आधी त्याला विचारा, नुसतं हो म्हणू नका बाबा.

रविवारी रात्री बेळगावात पोचते. रागावला असाल तर तेव्हा समोर बोला, फोन बंद करून बसू नका. आणि स्टेशनवर घ्यायला येऊ नका, दादा येतोय.

तुमची,
छोटी