तात्या, त्या दिवशी तुम्ही माझं ऐकलं नाहीत

ती. तात्यांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय. जुलैत मी तुमच्यावर ओरडले, तेही अख्ख्या वाडीने ऐकलं होतं.

त्या दिवशी सकाळपासून तीनदा ईएलसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लाइट तोडणारा डबा, पडला होता. बाहेर धो धो पाऊस, घरात पाहुणे, मिक्सरमध्ये अर्धवट झालेलं वाटप. तुम्हाला फोन केला तो एवढ्यासाठीच, की तो डबा काढा आणि वायर डायरेक्ट जोडून द्या. आदल्या वर्षी एका घरी एका पोराने असंच करून दिलं होतं, पाच मिनिटांत. तुम्ही आलात, छत्री पडवीत टेकवलीत, बोर्डाकडे बघितलंत आणि म्हणालात, "पडतोय म्हणजे काम करतोय. आता त्याला कोण पाडतंय ते बघू." मी म्हटलं, तात्या, मला लाइट हवीय, चौकशी नको. डायरेक्ट करणार नसाल तर पैसेही मिळणार नाहीत, असंही बोलले. तुम्ही काही न बोलता टॉर्च काढलात.

एकेक एमसीबी, म्हणजे त्या-त्या वायरचा आपोआप पडणारा स्विच, खाली करत तुम्ही मागीलदारच्या दिव्यापर्यंत आलात. ती वायर आमच्याच घरच्या माणसाने गणपतीच्या गडबडीत पडवीच्या पत्र्यावरून ओढली होती. वाऱ्याने घासून घासून पत्र्याच्या कडेने तिचं प्लास्टिक कापलं होतं आणि आत नखाएवढं तांबं दिसत होतं. पत्रा भिजला की करंट पत्र्यात, पत्र्यातून लोखंडी खांबात. त्याच खांबाला आमची कपडे वाळत घालायची तार बांधलेली. तारेवर सासूबाईंचं ओलं लुगडं होतं. पहाटे पाचला त्यांनीच घातलेलं, अनवाणी, ओल्या चिऱ्यावर उभं राहून. तुम्ही त्या लुगड्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. एक शब्द बोलला नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

नंतर मी वाचत बसले. अमेरिकेत बर्कलेला चार्ल्स डॅलझील नावाचे प्राध्यापक होते. हातात धरलेली तार किती करंटपर्यंत माणसाला आपणहून सोडता येते, हे त्यांनी स्वतःहून पुढे आलेल्या माणसांवर मोजलं. पुरुषांची सरासरी आली १६ मिलीअँपिअर, बायकांची साडेदहा. त्याच्या वर मूठ आवळली जाते आणि उघडत नाही. आमच्या मागीलदारच्या दिव्याला एमसीबी होता सहा अँपिअरचा, म्हणजे ६००० मिलीअँपिअर. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, त्याच्या हिशेबात माणूस येतच नाही. माणसासाठीचं यंत्र डॅलझील यांनी १९६१ मध्ये तयार केलं. आपला ईएलसीबीही त्याच जातीचा. फेजच्या तारेने गेलेला करंट न्यूट्रलच्या तारेने तेवढाच परत आला का, एवढंच ते बघत राहतं. थोडा कमी आला की तो कुठून तरी जमिनीत चाललाय, आणि ते "कुठून तरी" म्हणजे एखादा माणूसही असू शकतो.

एक शंका मात्र राहिली होती. साडेदहालाच हात सुटत नसेल, तर तीस मिलीअँपिअरवर पडणारा आमचा डबा काय कामाचा? तुम्हाला विचारलं, तर म्हणालात, "शॉक बसणारच. पण तो सोडवायला थांबत नाही, तोडून टाकतो." तीस मिलीअँपिअरला ०.३ सेकंदाच्या आत, जास्त असेल तर त्याहून लवकर. काळजाचा ठोका बिघडायला लागतो त्याच्या आत. मी वाचलेल्या पुस्तकात हेच दोन पानं समजावलंय.

तात्या, तुम्ही लाइनमन म्हणून निवृत्त झालात आणि त्यानंतरच वाडीला खरे ठाऊक झालात. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही म्हणून मीठ-कोळशाचे खड्डे तुम्ही पुन्हा करून घेतलेत, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायची आठवण घरोघर जाऊन करता. ईएलसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायला तुम्हीच शिकवलंत. त्याने डबा जिवंत आहे एवढंच कळतं, अर्थिंगचं काही कळत नाही, हेही तुमचंच. आणि एका दुकानदाराशी जनरेटरच्या चेंजओव्हर स्विचवरून, म्हणजे जनरेटर लावताना बाहेरची लाइन तोडणाऱ्या स्विचवरून, भांडलात, तेव्हा आम्ही हसलो होतो. लाइट गेल्यावर जनरेटर तसाच जोडला तर करंट उलटा डीपीकडे, म्हणजे खांबाजवळच्या ट्रान्सफॉर्मरकडे, जातो, तिथून चढून मुख्य लाइनवर येतो, आणि खांबावर तेव्हा कोणीतरी असतो. खांबावरच्या तारेला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंना अर्थिंग का टाकायचं, हे सांगताना तुम्ही मध्येच थांबलात आणि पाणी मागितलंत. तुमच्या कामावरच्या जोडीदाराचं तुम्ही पुढे कधी बोलला नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

आता माझी खरी चूक. २६ जानेवारीच्या सत्कारांची यादी मीच केली होती. दहावीची मुलं, कबड्डीचा संघ, शाळेला पंखे देणारे, सगळे होते. ते पंखे लावताना अर्थिंगची वायर जोडलीच नव्हती, ती तुम्ही नंतर जाऊन जोडलीत. तुमचं नाव मला सुचलंसुद्धा नाही. सत्काराला दाखवायला काहीतरी लागतं, फोटो काढता येईल असं. सासूबाई दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या उठल्या आणि कपडे वाळत घातले, याचा फोटो कोण काढणार?

४ मार्चला लाइनमन दिवस असतो, २६ जूनला विद्युत सुरक्षा दिन. यातला कुठलाही निवडा. शाल-श्रीफळ आवडत नसेल तर नको, पण मुलांसमोर ती पत्र्याने कापलेली वायर दाखवा. मी ती टाकली नाही, जपून ठेवलीय.

आणि तुमची मजुरी अजून माझ्याकडेच आहे. "वायर पाच मीटर लागली, तेवढेच द्या" म्हणालात. पैसे मिळणार नाहीत असं मी रागात बोलले होते, तुम्ही ते खरं धरून बसलात, हे मला पटलेलं नाही. रविवारी घरी येतेय. पाकीट परत केलंत तर सासूबाईंना सोबत आणेन, मग त्यांच्याशी तुमचं तुम्ही बघा.

तुमची,
मागीलदारच्या दिव्यावाली