पाचवा उद्गार

प्रिय आई आणि बाबा,

सलाम.

फोनवर हे सगळं बोलता आलं असतं. पण फोनवर बाबा "बरं बरं, बघू" म्हणून आईकडे देतात आणि आई "जेवलीस का?" एवढंच विचारते. म्हणून लिहितेय. आई, हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव. मधली वाक्यं गाळायची नाहीत, मला कळतं.

आधी जे ठरवून टाकलंय ते सांगते. येत्या शनिवारी सकाळी 7 ला टेम्पो नगरला येईल. विजू टेम्पोबरोबर असेल, मी गाडी घेऊन येईन. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरचा फ्लॅट घेतलाय, 11 महिन्यांचा करार झालाय, डिपॉझिट भरलंय. तुम्हाला विचारायला हवं होतं, मान्य. विचारलं असतं तर "ईस्टर होऊ दे" म्हणाला असता, आणि ईस्टरनंतर "पाऊस होऊ दे". आपलं घर विकत नाहीये, भाड्यानेही देत नाहीये. किल्ली शेजारच्या काकूंकडे राहील. कढीपत्त्याला पाणी त्याच घालतील, मी बोललेय.

आता दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या गोळ्यांचं. मागच्या आठवड्यात आले तेव्हा बटण लावायला दोरा शोधत होते आणि शिवणयंत्राच्या खणात पेपरात गुंडाळलेलं पाकीट सापडलं. डॉक्टरांनी आठवड्याच्या 42 दिल्या होत्या, रोजच्या सहा. चार दिवस झाले होते, म्हणजे 18 उरायला हव्या होत्या. मी मोजल्या. 37 होत्या. बाबा, पाच गोळ्या! त्यासुद्धा आईने रडून दिलेल्या असणार.

तेव्हा मी काही बोलले नाही. रात्री बाहेरच्या खोलीत पडल्या पडल्या ऐकत होते. लोखंडी कॉट कर्र करायची, मग एकदम शांत व्हायची, मग आईच्या बांगड्या वाजायच्या. पहाटे तुमचा रुमाल धुवायला घेतला, त्याचं टोक चावून चावून चिंधी झालं होतं. मी 19 वर्षं नर्स आहे. परक्यांच्या उशाशी बसून "एक ते दहात किती दुखतंय, आजोबा?" असं विचारते. तुम्ही "चालतंय" म्हणालात आणि मी ते मानलं. मानायला सोयीचं होतं ना.

सकाळी विचारलं तर तुम्ही मार्क 15:23 सांगितलंत. वेदना कमी वाटावी म्हणून गंधरस मिसळलेला द्राक्षारस शिपायांनी प्रभूला दिला, तो त्याने घेतला नाही. "त्याने घेतला नाही, मग मी कोण?" आणि चष्मा पुसायला लागलात. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. बसमध्ये सुप्याच्या आसपास सुचलं. ते तुमचंच आहे.

उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकेक जण बोलतो, त्यात पाचवा कायम तुमचा. "मला तहान लागली आहे." मी तिसरीत असल्यापासून ऐकतेय. पहिल्या बाकावर आईला टेकून बसायचं, पोटात भूक, आणि पाचव्या उद्गाराला तुम्ही उभे राहिलात की वाटायचं, आता दोनच राहिले. तुम्ही दर वर्षी एक वाक्य म्हणायचात: देवाच्या पुत्राने माणसांकडे काहीतरी मागितलं, आणि लाज वाटून घेतली नाही. बाबा, आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला तो बोळा त्याच्या ओठांना लावला तेव्हा त्याने आंब घेतली की. योहान 19:30. आधी नाही म्हणाला, नंतर मागून घेतली. तुमच्या 23 व्या वचनाच्या दोनच वचनं आधी कुरेनेकर शिमोन आहे. शेतावरून येत होता, शिपायांनी वेठीला धरला. प्रभूलासुद्धा आपला वधस्तंभ शेवटपर्यंत एकट्याने नेता आला नाही. पकडला जाण्याआधी गेथशेमानेच्या बागेत तर त्याने तीनदा मागणं केलं की हा प्याला टळून जाऊ दे. सोसायचं असतं हे तुम्ही आम्हाला शिकवलंत, पण गपचूप सोसायचं असतं असं शास्त्रात कुठे आहे ते दाखवा. ईयोब तर पानंच्या पानं बोलतो.

आणि सोनूच्या वेळी? दारात उभं राहून त्या बाईंनी "आईबापाचं काहीतरी असेल" म्हटलं, तेव्हा तुम्ही योहानाचा नववा अध्याय काढून त्यांच्यासमोर वाचलात. जन्मांध माणसाबद्दल प्रभू म्हणतो, ह्याने पाप केलं नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही. आवाज कापत होता तुमचा. मग आता स्वतःच्या पाठीत दुखतंय तर ती शिक्षा असल्यासारखं का वागताय?

तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून सांगते. 1847 मध्ये एडिंबरोत जेम्स सिम्पसन नावाच्या डॉक्टरने बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला, तर देवाने ठरवलेल्या वेदनेत हात घालतो म्हणून आक्षेप आले. त्याने उत्पत्तीचंच पुस्तक उघडलं: आदामाची फासळी काढण्याआधी देवाने त्याला गाढ झोप आणली. तुम्ही वादात असता तर असंच काहीतरी काढलं असतं! आणि सिसिली सॉन्डर्सबद्दल मी तुम्हाला पूर्वी सांगितलंय, आधी नर्स, मग डॉक्टर. श्रद्धाळू ख्रिस्ती बाई. 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची काळजी घेणारी जागा. तिचं म्हणणं, दुखणं परत येण्याची वाट बघायचीच नाही, घड्याळ लावून औषध द्यायचं. आम्ही आज वॉर्डात जे करतो त्यात पुष्कळसं तिचं आहे. शरीर दुखतं, त्याबरोबर मन, घरच्यांची काळजी, देवाबद्दलचे प्रश्न, सगळं एकत्र दुखतं असं ती म्हणायची. रात्री कॉट वाजते तेव्हा आईचंही दुखतं, बाबा. ते कुणी मोजायचं?

पणजीची गोष्ट आठवा. 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, त्यातली ती. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते. केडगावला रमाबाईंच्या आश्रमात पोचल्यावर पहिल्यांदा काय मिळालं असं विचारलं की पणजी म्हणे सांगायची, "पेज. प्रार्थना दुसऱ्या दिवशी." ही गोष्ट तुम्हीच सांगता आणि हसता.

व्यसनाची भीती मला कळते. दारूबंदीसाठी तुम्ही किती गावं सायकलवर पालथी घातलीत ते आम्हाला माहीत आहे. पण मॉर्फिन डॉक्टरांच्या हाताखाली, दुखण्यापुरतं घेतलं की माणूस सहसा व्यसनी होत नाही. ही गोळी आजार बरा करणार नाही, ते तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे, लपवत नाही. झोप लागेल. खुर्चीत बसून पेपर वाचता येईल. आईशी भांडता येईल.

आता ऐका. सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 ला एकेक, रात्री 10 ला दोन. दुखो न दुखो. पोट साफ होण्याचं सिरप रोज, ते चुकवायचं नाही, या गोळीने बद्धकोष्ठ होतोच. पहिले दोनतीन दिवस गुंगी येईल, मळमळेल, घाबरून बंद करायचं नाही. पण हाक मारूनही नीट जाग येत नसेल किंवा श्वास मंद वाटला, तर पुढची गोळी न देता लगेच मला आणि डॉक्टरांना फोन. आई, वहीत वेळ लिहून खूण कर, तुझ्या दुधाच्या हिशेबासारखी. फाइल, जुने एक्स-रे, आधार कार्डं माझ्या निळ्या पिशवीत घालून ठेव. लोणच्याच्या बरण्या आणू नकोस. बरं, एक आण.

इथे बाथरूममध्ये दोन दांड्या बसवून घेतल्यात. कॉट तुमचीच येतेय, नटबोल्टना तेल घालते म्हणजे वाजणार नाही. शिवणयंत्र खिडकीपाशी राहील, तिथे सकाळचं ऊन येतं. चर्च रिक्षाने दहा मिनिटांवर, मराठी उपासना साडेआठची. "उपासना संगीत" तुमचंच घ्या, इथल्या प्रतीची अक्षरं बारीक आहेत. आईला वरच्या मजल्यावरच्या मावशी आत्ताच विचारतायत की शेंगोळे शिकवणार का.

आणि एक केलंय, ते सांगताना हात जड होतोय. पाळकसाहेबांना मी फोन करून सांगितलं की यंदा पाचवा उद्गार दुसऱ्या कुणाला द्या. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सरांनी लिहून दिलं तर मी वाचतो." बाबा, रागावू नका. बसून सांगा, मी लिहून घेते. अक्षर चांगलं आहे माझं, तुम्हीच छडी दाखवून सुधारलंत. मारली कधीच नाहीत, ते वेगळं.

पत्र मिळेल त्या रात्री 10 ला फोन करते. आईने उचलायचा, बाबांच्या हातात स्टीलचा ग्लास द्यायचा आणि फोन त्यांच्या तोंडाजवळ धरायचा. दोन्ही गोळ्या गिळल्याचं मला ऐकू आलं पाहिजे.

तुमची,
बेबी