साठचे आठ झाले तेव्हा

संपादक महोदय,

मंडईत अर्धा किलो गवारीचे भाजीवाली 'साठ' म्हणाली आणि मी दहाची नोट पुढे केली. मला 'आठ' ऐकू आलं होतं! (आठ रुपयांत गवार, हेही मला खटकलं नाही.) त्याआधी वर्षभर मी नातीलाच 'तोंडातल्या तोंडात बोलू नकोस' म्हणून रागावत होतो. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. 'स', 'श', बायका-मुलांचं बोलणं. मग आवाज येतो, शब्द कळत नाही आणि दोष समोरच्याचा वाटतो. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, अर्ध्या तासात झाली, दुखलंखुपलं काही नाही. चाळिशीचा चष्मा बिनतक्रार लावला होता. कानाच्या मशीनला मात्र दोन महिने 'बघू' म्हणत राहिलो.

- एक निवृत्त शिक्षक, सातारा