बाळंतपणाला जा, पण सगळे ९० दिवस तिथेच संपवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी परदेशात लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईने काय तयारी करावी यावर लेख आला होता, डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, मालिशचं तेल, कुठल्या बॅगेत काय, सगळं छान दिलं होतं. पण जायचं कधी याबद्दल त्यात एक ओळ नव्हती आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. आपल्याकडे सगळे धरूनच चालतात की तारखेच्या पंधरा दिवस आधी आई विमानात बसणार आणि व्हिसा संपला की परत येणार. मला कळकळीने सांगायचंय की लेक किंवा सून युरोपात असेल तर असं करू नका. आजीची खरी गरज तिथे बाळ वर्षाचं झाल्यावर लागते, आणि नेमकी तेव्हा आजी पुण्यात असते.

मी कर्वेनगरला राहते, बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं, आता रिटायर्ड. लेक-जावई जर्मनीत ब्रेमेनला असतात, आपल्या औंधला ब्रेमेन चौक आहे ना, तेच ब्रेमेन, पुण्याची आणि त्या गावाची जुनी मैत्री आहे. तिकडे आपण व्हिजिट व्हिसावर जातो तेव्हा कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, सगळ्या शेंगेन देशांचे मिळून, म्हणजे युरोपातले जे देश एकाच व्हिसावर फिरता येतात ते. तीन महिने म्हणजे खूप वाटतात पण एकदा ते सलग वापरले की पुढचे तीन महिने नातू कितीही आजारी पडला तरी आपण इथून फक्त फोन करू शकतो, आणि वर्षभरात परत एवढी मोठी खेप करणं प्रत्येकीला जमतंच असं नाही. म्हणून ते दिवस कुठे खर्च करायचे हे नीट बसून ठरवायला हवं, पैशाचं ठरवतो तसं.

आता बाळंतपणाच्या वेळी तिकडे काय असतं ते बघा. कायद्याने आईला बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर आठ आठवडे रजा. नोकरी टिकवून तीन वर्षांपर्यंत पालक रजा घेता येते, बापालासुद्धा, आणि दोघांनी मिळून घेतली तर १४ महिन्यांपर्यंत सरकारकडून भत्ता मिळतो, पगाराच्या साधारण ६५ टक्के, त्याला वरची मर्यादा आहे पण मिळतो. शिवाय सुईण घरी येते. पहिले दहा दिवस रोज येऊ शकते, पुढेही बाळ बारा आठवड्यांचं होईपर्यंत येत राहते आणि पैसे आरोग्य विम्यातून जातात. माझ्या लेकीकडे यायची ती बाई बाळाचं वजन करायची, नाळ बघायची, दूध नीट ओढतोय का बघायची आणि मग बाळाला बापाच्या हातात देऊन लेकीला म्हणायची आता तू सांग तुला कसं वाटतंय. इतक्या शांतपणे बाळंतिणीची चौकशी करणारं माणूस आपल्याकडे किती घरांत असतं? फक्त ती सुईण दिवस गेल्यागेल्या शोधावी लागते, मोठ्या शहरात नंतर मिळत नाही.

मी असं म्हणत नाही की तेव्हा आई नको. सिझेरियन झालं, जुळं झालं, जावयाला रजा नाही, किंवा लेक मनाने खचलीय, तर उठून जावंच, तिथे हिशेब करायचा नाही. आमच्याकडे विहीणबाई गेल्या होत्या, त्यांनी शेक-शेगडीपासून सगळं मायेनं केलं, मी व्हिडिओ कॉलवर बघायचे आणि रडायचे पण. पण आम्ही दोघींनी आधीच ठरवलं होतं. प्रत्येक माणसाचे ९० दिवस वेगळे मोजतात, त्यामुळे त्यांचे दिवस आत्ता आणि माझे किटा सुरू होईल तेव्हा.

किटा म्हणजे तिकडचं पाळणाघर नि बालवाडी एकत्र. बाळ वर्षाचं झालं की किटात जागा मिळणं हा त्याचा कायद्याने हक्क आहे, ऑगस्ट २०१३ पासून, पण प्रत्यक्षात जागा कमी, अर्ज करून महिनोन् महिने वाट बघावी लागते आणि नवीन मुलं बहुतेक ऑगस्टच्या आसपास घेतात. आमचा नातू जूनचा. म्हणजे भत्ता संपतो, लेकीची नोकरी सुरू होते, किटा सुरू होते आणि पाठोपाठ तिकडचा हिवाळा, सगळं एकदम येऊन पडतं.

तिकडे मूल पहिल्या दिवशी सोडून येता येत नाही. पहिले तीन दिवस आई किंवा बाबाने मुलाबरोबर तासभर तिथेच कोपऱ्यात बसायचं, काही करायचं नाही, फक्त असायचं. चौथ्या दिवशी पहिल्यांदा सांगून बाहेर जायचं, दारामागे थांबायचं, आणि मूल ताईंकडून शांत झालं नाही तर काही मिनिटांत परत आत. मग हळूहळू वेळ वाढवायची, मग जेवण, मग झोप. कुणाला दोन आठवडे लागतात कुणाला सहा. हे आमच्या जावयांनी केलं, त्यासाठी रजा मागे ठेवली होती त्यांनी. मी आयुष्यभर आपल्याकडचा जूनमधला पहिला आठवडा पाहिलाय, फाटकाशी हंबरडा फोडणारी पोरं, त्यांना उचलून आत नेणाऱ्या मावशी, बाहेर डोळे पुसणाऱ्या आया, आणि एका बाईंमागे वर्गभर मुलं. म्हणून मला ती पद्धत फार म्हणजे फारच आवडली, आपल्याकडे निदान दोन-तीन दिवस तरी आईला आत बसू द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्यासाठी घरात कुणीतरी एकजण आठवडेच्या आठवडे मोकळा लागतो हेही खरं.

आणि एकदा मूल रुळलं की आजारपणं सुरू. त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की पहिला हिवाळा असाच जाणार. सर्दी, ताप, कान, परत सर्दी, मग तो हात-पाय-तोंडाला पुरळ येणारा आजार. जुलाब-उलट्या झाल्या तर थांबल्यानंतर ४८ तास मूल किटात नेता येत नाही. सरकारी विमा असेल तर आई-बापाला मुलाच्या आजारपणासाठी २०२४ पासून वर्षाला प्रत्येकी १५ दिवस मिळतात, ऐकायला चांगलं वाटतं पण अशा हिवाळ्यात ते कुठे जातात कळत नाही.

एक रात्र सांगते. पहाटे तीनला नातवाला उलटी, लेकीने चादरी काढून मशीनला लावल्या, जावयांनी त्याला कोमट पाण्याने पुसलं, तोवर चार वाजले, परत उलटी, परत चादर. सकाळी आठला जावयांची मोठी मीटिंग होती आणि लेकीला नोकरीवर परत रुजू होऊन जेमतेम काही दिवस झालेले. दोघं स्वयंपाकघरात उभ्याने कॉफी पीत एकमेकांकडे बघत होते की आज कोण फोन करून सांगणार. मी म्हटलं, दोघंही जा. लेक म्हणाली, "आई, तू एकटी? तो रडला तर?" म्हटलं रडू दे, मी आहे ना. मग दिवसभर तो माझ्या मांडीवर, चमच्या-चमच्याने तांदळाची पेज, जरा बरं वाटलं की खिडकीशी उभं राहून खालून जाणारी ट्राम बघायची, बाहेर सारखा बारीक पाऊस. संध्याकाळी लेक आली तेव्हा वरण-भात तयार होता, ती बूट न काढताच दारात बसली आणि म्हणाली आज कुणीतरी घरी आहे हे डोक्यात असल्यामुळे मी दिवसभर नीट काम केलं. बाळंतपणात मी गेले असते तर हातात बाळ धरून बसले असते, आनंद मिळाला असता भरपूर, पण हे वाक्य मला ऐकायला मिळालं नसतं.

पुण्यात हा प्रश्न येत नाही कारण इथे बाळंतपणानंतर आजी संपत नाही. २६ आठवड्यांची रजा संपली की मूल आजीकडे, नाहीतर पाळणाघरात आणि आजारी पडलं की आजीकडे. बाळंतपण ही फक्त सुरुवात असते. परदेशात आपण तेवढी सुरुवातच नेतो आणि पुढचं सगळं त्या दोघांवर टाकून येतो. आणि वर म्हणतो काय मज्जा आहे बाबा तिकडे.

मला मात्र इथे खूप ऐकावं लागलं. लग्नाकार्यात, सोसायटीच्या गणपतीत, "अगं आईच गेली नाहीस बाळंतपणाला?" असं तोंडावर विचारलं गेलं, लेकीचं नि माझं काही बिनसलंय का इथपर्यंत. हे बोलणं कृपा करून थांबवा. कुठल्या आईने कधी जायचं हे त्या मायलेकींना ठरवू दे.

आता ज्या जाणार आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. किटातून मूल आणायला आजीला कुणी देत नाही, आई-बापाने लेखी परवानगीत तुमचं नाव घालावं लागतं, ते पहिल्याच आठवड्यात करून घ्या आणि जाताना पासपोर्ट जवळ ठेवा. तूप नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तिकडे बिनमिठाचं बटर पाव किलोच्या पाकिटात मिळतं, त्याचं रवाळ तूप कढतं. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतोच, पण बीपी-शुगरसारखं जुनं दुखणं त्यात धरलंय का ते घ्यायच्या आधी वाचा. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा मागा म्हणजे दिवस दोनदा विभागून वापरता येतात, आणि तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील तर एप्रिल २०२४ पासून भारतीयांना दोन वर्षांचा मिळू शकतो. आणि इथून फोन करणाऱ्यांनी घड्याळ बघा, आपले रात्रीचे नऊ म्हणजे हिवाळ्यात तिकडचे साडेचार, मूल किटातून आणायची, भुकेची, रडारडीची वेळ. त्या वेळी फोन उचलला नाही म्हणून रुसायचं नाही. रविवारी दुपारी करा, तिकडे दुकानं बंद असतात, सगळे घरी असतात.

अमेरिकेचं गणित वेगळं आहे, तिथे देशाच्या कायद्याने फक्त १२ आठवड्यांची बिनपगारी रजा आणि तीही सगळ्यांना नाही, त्यामुळे तिथे मूल तीन महिन्यांचं असतानाच डे केअरला जातं, म्हणजे आजीने तिसऱ्या महिन्याच्या आसपास पोचावं, राहायलाही बहुधा सहा महिन्यांपर्यंत मिळतं. कॅनडात आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा आहे, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. ज्या देशात मूल असेल तिथला हिशेब वेगवेगळा करायला हवा.

तुमच्या पुरवणीने पुढच्या वेळी लाडवांच्या यादीबरोबर हेही छापावं ही विनंती, देशाप्रमाणे रजा किती, पाळणाघर केव्हा, व्हिसा किती दिवसांचा असा एक तक्ता दिलात तर पुण्यातल्या कितीतरी आज्यांना उपयोग होईल, आजोबांनासुद्धा, आमच्याकडे पुढच्या वेळी तेच जाणार आहेत आणि सध्या पेज करायला शिकतायत. तोवर माझं एवढंच सांगणं, तिकीट काढायच्या आधी लेकीला तारीख विचारा, बाळाची नाही, किटाची.

आपली नियमित वाचक,
एक आजी, कर्वेनगर, पुणे