लॉगबुकातला आकडा आणि हातातले कसब

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुर्बिणीने पोटाची आणि आतड्यांची तपासणी करायला शिकणारा डॉक्टर तयार झाला की नाही, हे अजूनही पुष्कळ ठिकाणी लॉगबुकातल्या तपासण्या मोजून ठरवले जाते. हे तंत्र बरीच वर्षे शिकवत आल्यामुळे या मोजणीची मला मनापासून काळजी वाटते.

कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत, आतड्याच्या डाव्या बाजूच्या वळणांवर लवचिक दुर्बिणीचा लूप, म्हणजे वेटोळे, होतो. शिकाऊ डॉक्टर दुर्बीण आत रेटत राहतो, पडद्यावरचे चित्र मात्र जागचे हलत नाही, उलट कधी मागे सरकते, आणि आतडे ताणले गेल्याने रुग्ण कळवळतो. अशा वेळी दुर्बीण थोडी मागे घेत, हलकेच पिळून सरळ करायची असते. ती सरळ असेल तर साधारण 70 ते 80 सेंटीमीटरवर मोठ्या आतड्याचा आरंभ, म्हणजे सीकम, गाठता येते. नेमक्या याच क्षणी वरिष्ठ डॉक्टर दुर्बीण आपल्या हाती घेतात, लूप सोडवतात आणि परत देतात. वेटिंग लिस्ट मोठी असताना मीही असे केले आहे. जे शिकायचे तेच राहून जाते, लॉगबुकात मात्र एक तपासणी वाढते.

ब्रिटनमध्ये प्रशिक्षक शेजारी उभा राहून, रुग्णाची संमती घेण्यापासून अहवाल लिहिण्यापर्यंतची प्रत्येक पायरी ठरावीक तक्त्यावर नोंदवतो आणि तपासणी संपताच त्यावर बोलतो. ही पद्धत सर्वत्र रुजायला हवी. सिम्युलेटरवर, म्हणजे सरावाच्या यंत्रावर, आधी हात बसला की रुग्णाचा त्रास कमी होतो, हेही खरेच.

मात्र हाताइतकीच नजरही तपासली पाहिजे, कारण आतड्याचे खरे निरीक्षण दुर्बीण बाहेर काढताना होते आणि त्यासाठी किमान 6 मिनिटे द्यावीत असे मानले जाते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, तीन लाखांहून अधिक कोलोनोस्कोपींवर आधारित अमेरिकी अभ्यासात, कर्करोगपूर्व गाठी म्हणजे अ‍ॅडेनोमा शोधण्याचे डॉक्टरचे प्रमाण दर 1 टक्क्याने वाढले की त्याच्या रुग्णांना पुढे आतड्याचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे 3 टक्क्यांनी कमी दिसला. म्हणून हे प्रमाण शिकाऊ डॉक्टरांचेच नव्हे, तर आम्हा शिकवणाऱ्यांचेही दरवर्षी मोजले जावे, आणि ज्याचे कमी भरेल त्याला शिक्षा न करता पुन्हा कुणाच्या तरी शेजारी उभे राहून शिकण्याची सोय करून द्यावी, अशी माझी विनंती आहे.

आपला नम्र,
एक पोटविकारतज्ज्ञ