न दिसणारा टाका

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

परवा रात्री लेकीच्या शाळेच्या स्कर्टची तुरपाई उसवली. टेलरची दुकानं बंद झालेली, सकाळी सातची शाळा. सुईत एकेरी दोरा ओवला, दुमड धरली आणि कापडाचा एकेक धागा उचलत टाके घातले. स्कर्ट सुलट करून पाहिला, तर टाका दिसेना. अगदी तुम्हाला हवा असायचा तसा. म्हणून हे पत्र, जरा उशिरानेच.

आठवीत गृहविज्ञानाच्या तासाला मुलगे मैदानावर जायचे. तुम्ही आम्हाला वर्गात बसवलंत. "जेवता ना? मग शिका," एवढंच म्हणालात. जांभळी नाक्याच्या बाजारात नेऊन वीस रुपयांत चौघांची भाजी आणायला लावलीत. पालेभाजी आधी धुवायची, मग चिरायची, नाहीतर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातं, हे त्याच दिवशी कळलं. आजही सिलिंडर आला की मी वरच्या पट्टीवरचं अक्षर वाचतो. 'बी' आणि पुढे २७ म्हणजे चाचणीची मुदत जून २०२७ पर्यंत. रिकाम्या टाकीचं वजन अधिक १४.२ किलो, हा हिशेबही तुमचाच.

पण खरे आभार आईसाठी मानायचे आहेत. दोन वर्षांपूर्वी तिचं हिमोग्लोबिन आठवर आलं होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तरी फरक पडेना. एकदा दुपारी पाहिलं, जेवण झाल्याझाल्या ती गोळी घेत होती, वर कपभर चहा. तुमचा फळा डोळ्यांसमोर आला: चहा लोह शरीरात शिरू देत नाही, लिंबू शिरायला मदत करतं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. चहा दोन तास पुढे ढकलला, गोळी लिंबूपाण्याबरोबर सुरू केली. पन्नास वर्षांची सवय मोडताना आई चिडली, रुसलीसुद्धा. तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये साडेदहा आलं. जिना चढताना आता ती मध्ये थांबत नाही. गोळ्या डॉक्टरांच्या, बाई, पण चहा आणि गोळीमधलं अंतर तुम्ही दिलेलं.

मुलग्यांना तो तास दिल्याबद्दल तेव्हा तुम्हाला बोलणी खावी लागली होती, हे मला फार नंतर समजलं. तुम्ही आम्हाला त्याची झळ लागू दिली नाहीत.

आईने तुमच्यासाठी हळिवाचे लाडू वळलेत. रविवारी सकाळी घेऊन येतो. लेकही येणार आहे, स्कर्ट तिलाच दाखवायचाय तुम्हाला.

तुमचा विद्यार्थी,
ठाणे